ताई घरीच असते

आमच्या ताईने नोकरी सोडली ती नवऱ्यामुळे. म्हणजे त्याने सोड म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. ती नोकरी करते हेच त्याच्या लक्षात नव्हतं.

ताई दात बनवायची. खोटे. औषधांच्या दुकानावर एक अरुंद जिना आहे, तो चढून गेलं की दातांची लॅब लागते. शाळा सुटल्यावर मी कधीकधी तिथे जाऊन बसायची. टेबलांवर ट्रे मांडलेले, ट्रेमध्ये प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. ताईची जागा खिडकीजवळ होती, कारण दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच जुळवायचा असतो. "दात पांढरा नसतोच गं," ती म्हणायची, "पांढरा केला की लगेच कळतं, खोटा आहे." मग ब्रशच्या टोकावर कणभर पावडर घेऊन थरावर थर चढवत बसायची. बारीक, शांत, जीभ किंचित बाहेर. मी तिथेच गृहपाठ करायची आणि जबड्यांना नावं द्यायची. एकाला मी आमच्या गणिताच्या सरांचं नाव दिलं होतं, कारण तो मिटता मिटत नव्हता.

ताईला माणसांची नावं आठवत नाहीत, दात आठवतात. रस्त्यात कोणी हसलं की म्हणणार, "वरचा डावा माझा आहे." दवाखान्यांतून चिठ्ठी यायची, "खिडकीजवळच्या बाईंनाच द्या." एवढं तिचं नाव होतं.

आणि जिजू वाईट नाहीत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात सगळे हेच सांगतात आणि मग पुढचं बोलणंच बंद होतं. जिजू परदेशात एका मोठ्या गोदामात शिफ्टचे प्रमुख आहेत. लग्नाला सुट्टी घेऊन आले, सुट्टी संपली तसे गेले. ताईला तिकडे न्यायचं म्हणून त्यांनी अर्ज केला, आणि अर्ज कुठल्या तरी कपाटात दोन वर्षं पडून राहिला. तोपर्यंत ताई ना इकडची ना तिकडची. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की डोळे मोठे करून विचारायच्या, "अगंबाई, अजून इथेच?" जणू काही ताई बसस्टॉपवर झोपून राहिली आणि बस निघून गेली.

जिजूंचा फोन दर रविवारी यायचा. ताई केस विंचरून बसायची. फोनवर जिजू बोलायचे आणि ताई "हो का?", "मग?", "अरे बापरे" म्हणायची. तासाभराने फोन ठेवला की ताईला त्यांच्या गोदामातल्या प्रत्येक माणसाचं दुखणं पाठ असायचं.

तर एकदाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. वकिलातीत जायचं, खिडकीसमोर उभं राहायचं, उजवा हात वर करून शपथ घ्यायची आणि आपलं लग्न खरं आहे हे अनोळखी माणसाला पटवून द्यायचं. मामा लगेच फाईल काखेत मारून हजर झाले. मामांना सगळे वकीलमामा म्हणतात. ते वकील नाहीत. ते सोडून सगळं आहेत.

"त्या खिडकीतला साहेब एकच बघतो," मामा खुर्चीत बसता बसता म्हणाले, "नवरा काय म्हणाला आणि बायको काय म्हणाली. जुळलं तर शिक्का, नाही जुळलं तर घरी."

तालीम सुरू झाली. जेवणाचं टेबल म्हणजे खिडकी. साहेब मी झाले, कारण यंदा मी शाळेच्या वादविवाद संघात आहे आणि मामांच्या मते माझा आवाज "ऐकणाऱ्याला आपणच गुन्हेगार आहोत असं वाटेल असा" आहे. मला मजा येत होती. मी बाबांचा जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला. बाबा आता नाहीत, पण त्यांच्या चष्म्यातून बघितलं की माणूस आपोआप कडक होतो.

"नवऱ्याच्या चपलेचा नंबर?"

"नऊ. डावा पाय थोडा मोठा."

"झोपेत काय करतात?"

"दात खातात," ताई म्हणाली. "मी त्यांच्यासाठी रात्री लावायचं कव्हर बनवून पाठवलंय. लावत नाहीत."

"उत्तम!" मामांनी टेबलावर थाप मारली. "ही पहिल्या नंबराने पास. आता जावईबापूंनी तिकडे काय लिहून दिलंय तेवढं विचारून घेऊ, म्हणजे झालं."

जिजूंनी अर्जाबरोबर बायकोबद्दल एक लांबलचक निवेदन दिलं होतं. रविवारी फोन आला तेव्हा मामांनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळे भोवती बसलो. पलीकडे जिजू काहीतरी चावत होते.

"जिजू, तुमची बायको दिवसभर काय करते?" मी साहेबी आवाजात विचारलं.

"हां, ते मी लिहिलंय. घरीच असते. आईंना मदत करते."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मी हसलेसुद्धा.

"आवडता रंग?"

"गुलाबी."

"चहा की कॉफी?"

"कॉफी. साखर जास्त."

"गाडी चालवते?"

"छे गं, घाबरते ती. कुठे जायचं तर बसने. बरोबर ना?" आणि उत्तराची वाट न बघता, "चला, बरं झालं हे विचारलंत. इकडे काय झालं माहितीये का, काल आमच्या गोदामात..."

ताई नखाखाली अडकलेलं प्लास्टर काढत होती. वर बघत नव्हती. ताईला गुलाबी रंग सहन होत नाही. कवळीच्या हिरड्या गुलाबी असतात आणि ती दिवसभर त्याच बघते. ताई बिनसाखरेचा चहा पिते. आणि ताईची स्कूटर गल्लीत शिरली की कुत्री आधी बाजूला होतात.

"जिजू," मी म्हणाले, "ताई दात ब..."

मामांनी झडप घालून आमचा आवाज पलीकडे जाणार नाही असं बटण दाबलं. "गप्प! जावयाला तोंडावर पाडतेस?"

"पण ते चुकीचं सांगतायत!"

"चुकीचं सांगत नाहीयेत, चुकीचं लिहून मोकळे झालेत. ते कागद सरकारदरबारी गेले. आता बदलायला गेलो तर म्हणतील, का बदललं? काय लपवताय? म्हणजे संपलंच."

"मग ताईने काय करायचं?"

"त्याने लिहिलंय तेच सांगायचं. सोपं आहे."

"खोटं?" आई म्हणाली.

इथे आईबद्दल सांगायला हवं. आमची आई खोटं बोलत नाही. हे कौतुक नाही, तक्रार आहे. मी बारा वर्षांची झाले त्या दिवशी आईने बसमध्ये कंडक्टरला आपण होऊन सांगितलं, "हिचं आजपासून फुल." वाढदिवसाला मला पूर्ण तिकीट मिळालं. पाहुणे जेवायला नको असतील तर ती "नको" असंच सांगते. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे कमी.

"शपथ घेऊन माझी मुलगी खोटं बोलणार नाही, दादा," आई म्हणाली.

"मग व्हिसा विसर."

फोनमध्ये जिजू एकटेच गोदामाची गोष्ट सांगत होते, आपलं कोणी ऐकत नाहीये हे त्यांना कळलंही नव्हतं. मग आईनेच तोडगा काढला. असा तोडगा फक्त आमच्याच घरात निघू शकतो. ती म्हणाली, "खोटं बोलायचं नाही. जे लिहिलंय ते खरं करायचं."

म्हणजे ताईने नोकरी सोडायची. मग "घरीच असते" हे खरं. रोज कॉफी प्यायची, साखर जास्त. स्कूटर चालवायची नाही. गुलाबी कपडे घालायचे, आणि होता होईल तेवढं ते आवडून घ्यायचे.

"आवडून कसं घ्यायचं?" मी ओरडले. "तो रंग आहे, औषध नाही! जिजूंना चार गोष्टी लक्षात ठेवायला सांगा ना, त्यात काय एवढं?"

"तू लहान आहेस," मामा म्हणाले.

"फुल तिकीट आहे माझं!"

ताई हसली नाही. म्हणाली, "जाऊ दे गं. तिकडे गेल्यावर नोकरी सुटणारच होती. महिनाभर आधी सुटली, एवढंच." आणि मग हळूच, "मला जायचंय. मला एकदाचं त्या जिन्यावरून खाली उतरायचंय, काकूंनी काही न विचारता."

ती लॅबच्या सरांना सांगायला गेली तेव्हा मी बरोबर होते. सर तोंडावरचा मास्क खाली करून म्हणाले, "व्हिसा आला?"

"नाही. यायचाय."

"मग आत्ताच का?"

ताईने ट्रेवरची एक चिठ्ठी दाबून नीट चिकटवली. सरांना राग आला. ऐन कामात सोडून चाललीस, म्हणाले, माझ्याकडून पुन्हा काही अपेक्षा करू नकोस. खिडकीजवळची जागा त्यांनी त्याच दिवशी घाईला दिली. घाई म्हणजे ताईनेच शिकवलेली मुलगी. सगळं घाईत करते म्हणून तिला घाईच म्हणतात. तिचे दात शेजारच्या दातापेक्षा नेहमी एक छटा जास्त पांढरे येतात. ताईने आपले ब्रश पुसून तिच्यासमोर ठेवले. घाई म्हणाली, "तुम्ही किती नशीबवान हो!" आणि ते मनापासून म्हणाली, हेच वाईट.

मग ताई घरी असायला लागली. घरी असणं तिला येत नव्हतं. सकाळी आवरून दारापर्यंत जायची आणि परत यायची. कॉफीने पोटात जळजळ व्हायची, तरी घोट घोट संपवायची. गुलाबी ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी म्हटलं, "हिरडी दिसतेस." ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पाणी येतच राहिलं. त्या रविवारी जिजूंनी विचारलं नाही, तू दिवसभर काय करतेस. का विचारतील? त्यांना माहीतच होतं.

वकिलातीच्या अर्जातले बाकीचे रकाने मामांनी भरले. "आधीची नोकरी" असा एक रकाना होता. मामा म्हणाले, "कोरा सोडू." आई म्हणाली, "केली होती ना? मग लिही." मामांनी लिहिलं, पण पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं.

मुलाखतीला मामा, आई आणि मी ताईबरोबर गेलो. आत फक्त तिला जायचं होतं. लोखंडी कठड्यांमधून रांग पुढे सरकत होती, सगळ्यांच्या छातीशी फाईल, जणू थंडी वाजतेय. आत फोन चालत नाही, म्हणून समोरचा झेरॉक्सवाला सगळ्यांचे फोन ठेवून घेतो आणि पत्त्याच्या डावातलं अर्धं पान देतो, उरलेलं अर्धं फोनला रबराने बांधतो. ताईला चौकटची राणी मिळाली. "शकुन बघ!" मामा म्हणाले. मामांना शकुनही कळतात.

"एक लक्षात ठेवा," मामा आम्हाला फुटपाथवर समजावत होते, "पासपोर्ट आत ठेवून घेतला तर काम झालं. हातात परत दिला तर नाही झालं. बाकी चेहऱ्याकडे बघायचं नाही, चेहरा फसवतो."

ताई बाहेर आली. चेहरा शांत होता. हातात पासपोर्ट होता.

मामांनी आधी पासपोर्टकडे बघितलं, मग आकाशाकडे. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही कोपऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलात जाऊन बसलो. ताईने चहा मागवला. बिनसाखरेचा. तेव्हाच मला कळलं की काहीतरी पार संपलंय.

"काय विचारलं?" मामा म्हणाले. "शब्दन् शब्द सांग."

"बाई होत्या खिडकीत. बरोबर दुभाषी. त्यांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, घरी असते. कधीपासून? म्हटलं, मागच्या महिन्यापासून. त्याआधी? म्हटलं, सात वर्षं दात बनवत होते. मग विचारलं, का सोडलं?"

"म्हणायचं, तिकडे जायचंय म्हणून!"

"तसं नव्हतं ना मामा. हात वर करून शपथ घेतली होती. मी म्हटलं, नवऱ्याने लिहिलंय की मी घरी असते, म्हणून सोडलं."

मामांनी डोळे मिटले.

"दुभाषीला वाटलं मी काहीतरी चुकून बोलले. तिने मला परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग तिने त्या बाईंना सांगितलं, आणि त्या बाईंना वाटलं दुभाषीच चुकली. त्यांनीही परत विचारलं." ताईने कप दोन्ही हातांत धरला होता. "म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याला माहीत नव्हतं? मी म्हटलं, माहीत होतं. लक्षात नव्हतं."

"आणि?"

"आणि एक कागद दिला. नवऱ्याने नव्याने निवेदन द्यायचं. स्वतःच्या शब्दांत. बायको कोण आहे, आणि तुम्ही एकमेकांना कसे ओळखता."

"रंग विचारला?" मी म्हणाले. "कॉफी?"

"नाही. काहीच नाही."

"एवढं खरं बोलायला सांगितलं कुणी होतं तुला?" मामा फुटले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मामांनी मग आईकडे बघितलं. मीही बघितलं. आई ताईच्या कपाकडे बघत होती. तिच्याकडे त्या दिवशी बोलायला खरंही नव्हतं.

संध्याकाळी जिजूंचा फोन आला. रविवार नव्हता, तरी आला. ताईने सगळं सांगितलं. फोन टेबलावरच होता, त्यामुळे आम्हाला ऐकू येत होतं.

"नोकरी?" जिजू म्हणाले. "कसली नोकरी?"

"दातांची," ताई म्हणाली.

"अच्छा, ते दातांचं! ते तू अजून करत होतीस? मला वाटलं ती लग्नाआधीची हौस. अगं, मग सांगायचं ना!"

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. "तुमच्यासाठी रात्रीचं कव्हर पाठवलं, ते मीच बनवलं होतं."

"हो का? मला वाटलं दुकानातलं आहे. चांगलं होतं." वाईट नाहीत ते, म्हटलं ना मी. "बरं, आता असं करू. धाकटीची भाषा छान आहे. तिलाच लिहू दे ते निवेदन. तिला तुझं सगळं माहितीये. मी खाली सही करून पाठवतो."

खरं सांगते, मी पेन उचललं होतं. माझ्या डोक्यात पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. मी असं लिहिलं असतं की वकिलातीतल्या बाई ताईला न्यायला स्वतः आमच्या दारात आल्या असत्या. पण ताईने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"ती लिहिणार नाही," ताई म्हणाली. "तुम्ही लिहा."

"अगं, पण मला काय..." जिजू अडखळले. "मला असलं लिहिता येत नाही."

"जेवढं माहीत आहे तेवढं लिहा."

पुढच्या आठवड्यात त्यांचं पान आलं. मामांनी मोठ्याने वाचलं. "माझी पत्नी सुस्वभावी आणि हसतमुख आहे. ती घरातल्या सर्वांची काळजी घेते. आमचे एकमेकांवर प्रेम आहे. आम्ही नियमित बोलतो. ती पूर्वी दातांचे काम करत असे."

"छान आहे की!" मामा म्हणाले. "पाठवून देऊ."

ताईने ते पान घेतलं आणि खिडकीशी नेऊन वाचलं. खूप वेळ वाचलं, एवढं त्यात नव्हतंच. मग म्हणाली, "मामा, हे खालच्या काकूंनाही लागू पडेल. फक्त दातांचं खोडावं लागेल."

त्याच दिवशी ती लॅबमध्ये जाऊन आली. सरांनी घेतलं, पण खिडकी दिली नाही. आता ती मागच्या खोलीत कवळ्या घासून गुळगुळीत करते. दिवसभर गुलाबी भुकटी उडते, आणि दर तासाला घाई आत येऊन विचारते, "हा रंग बरोबर आहे का हो?" ताई सांगते. पगार नवशिक्याचा, आणि वर घाईला ती आता "मॅडम" म्हणते. मी म्हटलं, कशाला म्हणतेस? तर म्हणे, सरांनी सांगितलंय.

रविवारी पुन्हा फोन. जिजूंचा आवाज नरम होता. "ऐक, ते पान तुला आवडलं नाही ना? मामा म्हणाले. मग आता तूच सांग, मी लिहून घेतो. अगदी सगळं सांग. सकाळी उठतेस तिथपासून."

ताई खुर्चीत सरळ झाली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "सगळं?" ती म्हणाली.

"सगळं. थांब हं, पेन घेतो."

आम्ही थांबलो. फोनमधून पावलं ऐकू आली, मग दार, मग जिजू त्यांच्या खोलीतल्या मित्राला पेन मागत होते. मित्र काहीतरी म्हणाला. जिजू म्हणाले, "काय सांगतोस! किती गोल?" मग टीव्हीचा आवाज मोठा झाला. मग दोघं हसले. मग कोणीतरी सोफ्यावर धपकन बसलं.

मी फोनवर ओरडणार होते. फुप्फुसं भरून घेतली होती. ताईने बोट वर केलं. ओरडू नकोस. ती वाकून ऐकत होती, लॅबमध्ये खिडकीशी वाकायची तशी, जराही न हलता. पलीकडे सामना चालू होता. जिजू कुणाला तरी शिव्या देत होते, मजेत, मोकळ्या आवाजात. आमच्याशी बोलताना तो आवाज कधी ऐकला नव्हता. बरोबरच आहे. आम्हालाही ते कुठे माहीत होते?

मध्यंतर झालं असावं, जाहिराती लागल्या. तरी ते आले नाहीत. ताईने फोन बंद केला.

"लिहून घेतलं त्यांनी?" मामा आतून पाणी पिऊन आले होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"नाही."

"मग कधी घेणार? वर्षभराची मुदत आहे फक्त."

"मामा, ती फाईल तुमच्या घरी घेऊन जा," ताई म्हणाली. "मी जात नाहीये."

"कुठे जात नाहीयेस?"

"कुठेच."

गेला महिनाभर मी याच वाक्याची वाट बघत होते. मला वाटलं होतं, ती असं म्हणाली की मी टेबलावर चढून टाळ्या वाजवीन. मी जागची हलले नाही. ताई उठली, मोरीत गेली आणि नळ सोडला. तोंड धुवायला एवढं पाणी लागत नाही.

टेबलावर फोन वाजायला लागला. जिजूंचाच होता, पेन सापडलं असेल. "हे बघ, आला की नाही!" मामा म्हणाले आणि उचलायला हात पुढे केला.

आईने तो हात मनगटाशी धरला. फोन वाजून वाजून थांबेपर्यंत सोडला नाही.